नियम घराचा हवा, एकटीचा नव्हे

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले होते. कारखान्याचे धुराडे बोईसरच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाच्या हाती नाही. खोलीत पेटणारी बिडी मात्र आहे. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे कडक नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत, पण ते घराच्या उंबरठ्याशी थांबतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील ३८.७ टक्के प्रौढांना घरातच हा धूर सोसावा लागत होता. तो खिडकी उघडून किंवा पंखा लावून जात नाही. सुरक्षित म्हणावे असे त्याचे प्रमाणच नाही, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलांनी २००६ मध्ये स्पष्ट केले.

‘घरात कोणीही ओढायचे नाही’ या नियमाने मुलाबाळांचे रक्षण होते, हे सहज पटते. ओढणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो, हे कमी लोकांना ठाऊक असते. चहा, जेवण, टीव्ही यांच्याशी बिडी जोडलेली असते. प्रत्येक वेळी उठून बाहेर जावे लागले, की ही साखळी सैल होते आणि दिवसाची संख्या घटते. अशा घरांत सोडण्याचे प्रयत्न अधिक होतात व ते अधिक टिकतात, असे अनेक देशांतील अभ्यास सांगतात. ज्यांना सोडायचे असते तेच असा नियम आधी स्वीकारतात, हेही खरे. म्हणून नियम म्हणजे औषध नव्हे; पण सोडू पाहणाऱ्याला तो आधार ठरतो.

हा नियम करायचा कोणी? केरळमधील एका अभ्यासात ८० टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी पतीला घरात ओढू नका, असे सांगितले होते. तरीही ओढणाऱ्यांपैकी ७० ते ८० टक्के पुरुष घरातच ओढत. वस्तीने मिळून ‘आमच्या घरांत धूर नको’ असे ठरवल्यावर, सहा महिन्यांत त्यातील ३४ ते ५९ टक्के पुरुषांनी घरात ओढणे थांबवले. एकटीची विनवणी जिथे हरली, तिथे वस्तीचा नियम चालला.

पालघर जिल्ह्यात ही जबाबदारी महिला बचत गट आणि आशा सेविकांना पेलता येईल. पाळीनुसार झोपणारे कामगार जिथे एकच खोली वाटून घेतात, तिथे खोलीतल्या सर्वांनी मिळून ठरवावे. नियम पाहुण्यालाही लागू असावा. भांडण माणसाशी नसावे, धुराशी असावे.

महाराष्ट्रापुरती एक पुस्ती जोडायला हवी. याच सर्वेक्षणात राज्यातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू खाणारे किंवा लावणारे आढळले. तव्यावर मशेरी भाजतानाही घरात धूर होतोच. त्यामुळे नियमात मशेरी आणि तंबाखूची पुडीही हवी. आणि मुलाला टपरीवर पाठवून ती मागवणे आधी बंद हवे.

सोडण्यासाठी मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. तो क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला, घराच्या नियमाशेजारीच लिहून ठेवावा.