ताटातले शेवटचे दोन घास

'खाऊन माजावे, टाकून माजू नये' ही म्हण मराठी घरांत लहानपणीच कानावर पडते. ताटात काही उरले की वडीलधारी माणसे तिची आठवण करून देतात आणि मूल निमूटपणे उरलेले संपवते. या म्हणीमागे टंचाईचा दीर्घ अनुभव आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, दुष्काळी कामांवर वाटल्या जाणाऱ्या सुकडीवर मुले जगवली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना भाताचे शीतही टाकवत नाही, आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही. मात्र अन्न वाया जाऊ नये ही काळजी आपण भलत्याच वेळी घेतो, असे माझे मत आहे. ती घ्यायला हवी तांदूळ मोजताना आणि ताट वाढताना. आपण ती घेतो जेवणाच्या शेवटी, पोट भरल्यावर. नको असलेले दोन घास पोटात ढकलल्याने अन्न वाचत नाही. ते केवळ पातेल्याऐवजी शरीरात साठते.

दोन घासांनी असे काय बिघडते, असा प्रश्न कोणी विचारील. थोडा हिशेब करून पाहू. तेल लावलेल्या मध्यम आकाराच्या एका पोळीतून साधारण १०० किलोकॅलरी मिळतात. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, तेलात ४५ आणि तेवढ्याच साखरेत २० किलोकॅलरी असतात. दिवसातून चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर घेणाऱ्या माणसाच्या पोटात, जेवणाला बसण्यापूर्वीच, १६० किलोकॅलरी गेलेल्या असतात. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरींची साठवण. रोज एक पोळी गरजेहून अधिक खाल्ली तर वर्षाला ३६,५०० किलोकॅलरी जादा होतात. भागाकार केला तर उत्तर पावणेपाच किलोंच्या जवळ येते. प्रत्यक्षात वजन एका वर्षात इतके चढत नाही, कारण जड झालेल्या शरीराला चालवण्यासाठीही अधिक ऊर्जा लागते. काही किलोंची भर पडली की वाढ थांबते. पण तोवर एका पोळीच्या दोन झालेल्या असतात!

भूक भागली की आपण आपोआप थांबतो, अशी आपली समजूत असते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या समजुतीला धक्का देतो. त्यांनी त्याच माणसांना वेगवेगळ्या दिवशी मॅकरोनी आणि चीज हा एकच पदार्थ कमीअधिक प्रमाणात दिला. ५०० ग्रॅमऐवजी १ किलोचा वाढा समोर आला, तेव्हा त्यांनी सुमारे ३० टक्के अधिक ऊर्जा ग्रहण केली. जेवणानंतर तृप्ती किती वाटते हे विचारले असता उत्तरे मात्र जवळपास सारखीच होती. म्हणजे किती खायचे हे पोट ठरवत नव्हते; समोर काय ठेवले आहे त्यावर ते ठरत होते. आपल्याकडे वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त या विषयासाठी 'मात्राशितीय' नावाचा स्वतंत्र अध्यायच आहे. जठराचे चार भाग कल्पून दोन भाग अन्नाने भरावेत, एक द्रवाने, आणि चौथा वायूसाठी मोकळा सोडावा, असे त्यात सांगितले आहे. तो चौथा भाग आपण श्रीखंडासाठी राखून ठेवतो, ही गोष्ट वेगळी.

आग्रह हा मराठी आतिथ्याचा अलंकार समजला जातो. पुणे असो, इंदूर असो वा बडोदे, मराठी माणूस जेथे वसला तेथे तो आग्रह सोबत घेऊन गेला. पाहुण्याने ताटावर आडवा धरलेला हात आणि तरीही बोटांच्या फटीतून पानात पडलेली जिलबी, हे दृश्य कोणाला ठाऊक नाही? ज्या घरात वर्षातून एकदाच गोडधोड होत असे, त्या घरातील आग्रहात खरी माया होती. आज मात्र हा आग्रह रोजचा झाला आहे, आणि तो घरातल्याच माणसांना होतो. जुन्या पंगतीचा एक गुण मात्र आठवण्यासारखा आहे: वरणभाताची लहानशी मूद पडे, ती संपली की वाढपी पुन्हा फेरी मारी, आणि दोन फेऱ्यांमध्ये जेवणाऱ्याला आपल्या भुकेची चाचपणी करण्यास उसंत मिळे. एकाच वेळी काठोकाठ भरून घेतलेल्या थाळीत ही उसंत नाही.

त्यात श्रमही बदलले. नांगर धरणाऱ्या आजोबांच्या तीन भाकरी दिवसभरात खर्ची पडत. खुर्चीवर बसून काम करणारा नातू तितक्याच पोळ्या खातो, वर भातही घेतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तृणधान्यांतून एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून अधिक वाटा येऊ नये. भारतीयांच्या आहारात तो ५० ते ७० टक्के आहे. आपल्या ताटाकडे पाहिले तर हे पटते. सकाळी पोहे, दुपारी पोळी आणि भात, संध्याकाळी मुरमुऱ्यांचा चिवडा, रात्री पुन्हा पोळी. आणि कोशिंबीर मात्र चटणीएवढी. भाताची आणि कोशिंबिरीची मापे परस्परांत बदलावीत, उसळीची वाटी मोठी करावी, एवढे केले तरी भूक मारावी लागणार नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे १५ ते ४९ वयोगटातील अतिवजन वा स्थूल स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २४ टक्के झाले, पुरुषांचे १८.९ वरून २२.९ टक्के झाले. त्याच दुसऱ्या सर्वेक्षणात १८.७ टक्के स्त्रियांचे वजन उंचीच्या मानाने अपुरे आढळले. तेव्हा 'कमी खा' हा उपदेश सरसकट सर्वांना करणे अन्यायाचे आहे.

स्त्रियांचा प्रश्न तर याहून गुंतागुंतीचा आहे. अनेक घरांत गृहिणी सर्वांत शेवटी जेवते. तिच्या वाट्याला काय येईल हे इतरांच्या भुकेवर अवलंबून असते: एके दिवशी तळाशी राहिलेली चमचाभर भाजी, दुसऱ्या दिवशी मुलांनी टाकलेला वरणभात, कढईतला उरलेला शिरा आणि कालची पोळी. ती आपल्या भुकेप्रमाणे कधी जेवतच नाही. भांडी रिकामी करते. पुढे तिचे वजन वाढले की घरातलेच लोक तिला चालायला जाण्याचा सल्ला देतात. त्यापेक्षा तिचे ताट इतरांबरोबर, त्याच वेळी वाढले जावे. उरलेल्या पोळ्यांची चिंता नको. सकाळी त्यांचा कुस्करा होतो, भाताला फोडणी देता येते, आणि तेव्हा खाणारेही सगळेच असतात.