खेळाचा तास गणिताला देऊ नका

दिवाळी सरली की दहावीच्या वर्गातला खेळाचा तास गणिताला जातो. मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक. तरी हे मला पटत नाही.

१९५३ साली जेरी मॉरिस व सहकाऱ्यांनी लंडनच्या बस-कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचा जिना सतत चढणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. चालक मुळातच अधिक स्थूल असल्याचे गणवेशाच्या मापांवरून पुढे मॉरिसनाच दिसले. पण नंतरच्या अनेक पाहण्यांनी हालचालीचे महत्त्व पक्के केले.

आता हिशेब करा. ५० किलोग्रॅमचा विद्यार्थी ३ मीटर जिना चढला, तर गुरुत्वाविरुद्ध सुमारे १,४७० ज्यूल कार्य होते. स्नायू याच्या चौपट ऊर्जा खर्चतात असे धरले, तरी ती पोळीच्या एका घासात परत मिळते! मग फायदा कशात? काम करणारे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात, हृदयाला सराव होतो. मात्र हा लाभ साठवता येत नाही. तो रोज मिळवावा लागतो.

मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे व्यायाम हवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिक्षक बंधुभगिनींनो, त्यातली शाळेतली थोडी मिनिटे तरी हिरावू नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, तास मिळाला तर कट्ट्यावर बसून घालवू नका!