माळेगावच्या यात्रेत टॉकीजच्या तंबूची जागा कुणाची? वर्षभराचा वेळ हातात आहे, आराखडा आताच ठरावा

लोहा : माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते. मागची यात्रा 18 डिसेंबर 2025 ला सुरू झाली. पुढची 2026 मध्ये येतच नाही. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यानं तिथी पुढं सरकली आणि यात्रा थेट जानेवारी 2027 च्या पहिल्या आठवड्यात भरणार आहे. म्हणजे मधे वर्षापेक्षा जास्त वेळ मिळाला. यात्रा उठली की गावोगावच्या पारावर जो वाद दरसाल रंगतो, तो मिटवायला एवढा वेळ पुरेसा आहे.

वाद साधा आहे. यात्रेतली जुनी करमणूक आटत चालली. टुरिंग टॉकीजचे तंबू कमी झाले, तमाशाचे फड कमी झाले, जनावरांचा बाजार आखडला. मग त्या मोकळ्या झालेल्या जागेवर काय यावं?

तीन मतं, तिन्ही खरी

पन्नाशीच्या पुढचे रसिक म्हणतात, जागा करमणुकीची होती, करमणुकीलाच ठेवा. टॉकीजच्या तंबूत जमिनीवर बसून सिनेमा पाहिलेली ही पिढी आहे. बायकांसाठी वेगळी बाजू असायची, त्यामुळं घरच्या लेकी-सुनाही रात्रीचा खेळ बघायच्या. या लोकांसाठी यात्रा म्हणजे देवदर्शन आणि तंबू, दोन्ही.

तरुण पोरांचं मत वेगळं. सिनेमा मोबाईलवर आहे, त्यासाठी तंबू कशाला? त्यांना आकाशपाळणा पाहिजे, ब्रेकडान्स पाहिजे, मौत का कुवा पाहिजे, खाण्याचे स्टॉल पाहिजेत. पुण्या-मुंबईला जाऊन मोठी पार्कं पाहणं प्रत्येकाला परवडत नाही. वर्षातून पाच दिवस ती मजा लोह्याजवळ मिळते, ती का कमी करायची?

तिसरं मत पशुपालकांचं. ही यात्रा मुळात घोडे, गाढवं, उंट आणि बैलांच्या बाजारासाठी नावाजलेली. कंधारची लालकंधारी आणि लातूरकडची देवणी इथल्या पशुप्रदर्शनात मिरवतात. त्यांचं म्हणणं, आधी जनावराला सावली, पाणी आणि दावण द्या, उरलेल्या जागेत पाळणे फिरवा.

तंबू हरला तो भाड्यात

सिनेमा लोकांना नको झाला म्हणून तंबू गेले, असं सर्रास बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे. 2010 नंतर सिनेमाची रिळं बंद होत गेली. जुनी प्रोजेक्टर मशीन भंगारात निघाली आणि डिजिटल यंत्रणा घेणं छोट्या मालकाला जड गेलं. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट निघाला. 2016 मध्ये कान महोत्सवात त्याचं विशेष कौतुक झालं. इकडं तंबूचा धंदा मात्र आटतच राहिला.

दुसरं कारण जागेच्या हिशेबाचं आहे. समजा, एका तंबूला 100 बाय 60 फूट, म्हणजे 6,000 चौरस फूट जागा लागली. त्याच जागेत येण्याजाण्याच्या वाटा सोडून 10 बाय 15 ची पंचवीस दुकानं बसतात. एका दुकानाचं पाच दिवसांचं भाडं 2,000 रुपये धरलं तर 50,000 रुपये होतात. टॉकीजवाल्यानं तेवढंच भाडं द्यायचं म्हटलं तर 50 रुपयांची 1,000 तिकिटं नुसती जागेपायी विकावी लागतील. डिझेल, मजुरी, सिनेमाचे पैसे त्यावर वेगळे. आकडे उदाहरणाचे आहेत, पण गणित कुठल्याही यात्रेत हेच लागतं. फुटावर भाडं लावलं की ज्याला जास्त जागा लागते तो आधी बाहेर जातो. तमाशाचा फड, कुस्तीचा आखाडा आणि जनावराची दावण यांनाही हाच नियम लागू आहे.

जनावरांचे आकडे काय सांगतात

2012 आणि 2019 च्या पशुगणनेच्या मधे महाराष्ट्रातली गाय-बैलांची संख्या सुमारे 10 टक्क्यांनी घटली. देशातली गाढवं याच काळात 61 टक्क्यांनी घटून सव्वा लाखाच्या आसपास आली. घोडे-शिंगरंही 45 टक्क्यांनी कमी झाली. ट्रॅक्टर आला, वीटभट्टीवर आणि वाळूच्या कामावर गाडी आली, गाढवाचं काम गेलं.

म्हणून बाजाराची सगळी जुनी जागा तशीच राखून ठेवा, असं कुणी म्हणणार नाही. पण बाजार लहान झाला म्हणून तो कडेला, पाण्यापासून लांब ढकलला तर जो आहे तोही मोडेल. भटक्या समाजाची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथं येतात. त्यांचा व्यवहार, सोयरिकी, भेटीगाठी याच मैदानावर होतात. त्यांच्यासाठी ही जागा नुसती करमणुकीची नाही.

शेतकऱ्याच्या खिशाचाही विचार झाला पाहिजे. 2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अतिवृष्टीनं नांदेड-लातूरचं सोयाबीन धुऊन नेलं. अशा वर्षी यात्रेत लेकरांना घेऊन आलेला माणूस प्रत्येक पाळण्याला पैसे कुठून देणार? जिल्हा परिषदेचा कुस्त्यांचा फड, लोककला महोत्सव, पशुप्रदर्शन ही तिकीट न काढता बघता येणारी करमणूक आहे. मोकळी जागा उरली तरच ती टिकते.

मोठ्या पार्कांचंही हेच दुखणं

हा पेच एकट्या माळेगावचा नाही. 1989 मध्ये गोराईला सुरू झालेलं एस्सेल वर्ल्ड आपल्याकडच्या कितीतरी शाळांच्या सहलीचं ठिकाण होतं. कोरोनात ते बंद पडलं ते पुन्हा उभं राहिलं नाही. शेजारचं वॉटर किंगडम मात्र चालू राहिलं. खोपोलीचं इमॅजिका 2013 मध्ये थाटात उघडलं, कर्जात रुतलं आणि 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडं गेलं. पाळणे मोठे आणले म्हणून धंदा चालतोच असं नाही.

अमेरिकेतलं एक उदाहरण इथं घेण्यासारखं आहे. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कात पाण्याच्या घसरणीचा एक जुना खेळ होता. तो 1946 च्या ज्या सिनेमावर बेतला होता, त्यात कृष्णवर्णीयांचं चित्रण अपमानकारक असल्याची टीका होती. जानेवारी 2023 मध्ये खेळ बंद झाला तेव्हा चाहत्यांमध्ये उभी फूट पडली. ‘जुनंच ठेवा’ म्हणणारे एकीकडं, ‘बदला’ म्हणणारे दुसरीकडं. डिस्नेनं घसरण तीच ठेवली, पाण्याचा पाट तोच ठेवला, फक्त गोष्ट नवी सांगितली. जून 2024 मध्ये तो खेळ पुन्हा सुरू झाला. सगळे खूश झाले नाहीत, पण जागेचा वापर मोडला नाही.

माळेगावात काय करता येईल

जागा राखायची आणि वापर बदलायचा, हा मार्ग इथंही चालतो. तंबूच्या जागी तंबूच राहू द्या. दुपारी त्यात शेतीचे माहितीपट आणि शाळकरी पोरांसाठी सिनेमा, रात्री लोककला किंवा तमाशा. एकाच मंडपाचा खर्च दोन-तीन कार्यक्रमांवर वाटला जाईल आणि एखादा टॉकीजवाला टिकायचा असेल तर त्यालाही उभं राहायला जागा मिळेल.

मुंबईत जुनं चित्रपटगृह पाडून नवी इमारत बांधताना जुन्या आसनांच्या किमान एक तृतीयांश क्षमतेचं चित्रपटगृह ठेवण्याची अट आहे. महानगरात कोट्यवधींच्या जमिनीवर अशी अट घालता येते, तर पाच दिवसांच्या मैदानावर का नाही? करमणूक आणि जनावरांसाठी ठरावीक हिस्सा कागदावर राखून ठेवावा. त्या हिश्शात भाडं फुटावर न लावता सवलतीनं लावावं. दुकानं आणि पाळण्यांकडून येणाऱ्या पैशातून जनावरांच्या पाण्याची आणि सावलीची सोय व्हावी. पाळण्यांना विरोध करायची गरज नाही. त्यांच्याच कमाईवर बाकीचं टिकू शकतं.

हे ठरवायचं कुणी? नांदेड जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. 2022 पासून 2025 पर्यंतच्या यात्रा प्रशासकांच्या काळातच भरल्या. सभागृहच नसल्यानं मैदानाचा आराखडा तिथं चर्चेला आला नाही, रसिकांचा आणि पशुपालकांचा वाद पारावरच राहिला. जिल्हा परिषद, लोह्याची पंचायत समिती आणि माळेगावची ग्रामपंचायत यांनी पावसाळा संपायच्या आत एक बैठक लावावी, तिला टॉकीजवाले, फडमालक, पाळणेवाले, पशुपालक आणि भटक्या समाजाची माणसं बोलवावीत आणि नकाशा दिवाळीआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

नकाशा आधी लागला तर कुणाची जागा कुठं आणि किती, हे सगळ्यांना वेळेत कळेल. नाही लागला, तर आदल्या रात्री जो आधी खुंट्या ठोकील त्याची जागा.