प्रवाहाच्या उलट सहा दारे

आमचे गाव कुंडलिकेच्या काठी आहे. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटले की सकाळी आमची नदी एकाएकी जागी होते. मग कोलाडकडून मुंबई-पुण्याची पाहुणेमंडळी शिरस्त्राणे घालून, रबरी तराफ्यांत बसून, आरडाओरडा करीत खाली जातात. तराफे हाकणारी मुले आमच्याच पंचक्रोशीतली. मी मात्र या नदीत गुडघ्याच्या वर कधी उतरले नाही. "पोरीच्या जातीनं पाण्याशी मस्ती करू नये," असे आजी म्हणे, आणि तिचा शब्द घरात शेवटचा असे.

२०२४ च्या जुलैत वसतिगृहात मैत्रिणीच्या मोबाइलवर मी पॅरिस ऑलिंपिकमधली कनू स्लॅलमची शर्यत पाहिली, आणि तेव्हापासून आजीशी माझे मनातल्या मनात भांडण सुरू आहे.

हा खेळ थोडक्यात सांगते. खळाळत्या पाण्यावर तारांना दांड्यांच्या जोड्या टांगलेल्या असतात. एक जोडी म्हणजे एक दार. अशी १८ ते २५ दारे. हिरव्या दांड्यांच्या दारातून प्रवाहाबरोबर जायचे, लाल दांड्यांच्या दारातून प्रवाहाच्या उलट चढायचे. आणि अशी उलटी दारे किमान सहा असतात. दांडीला नुसता स्पर्श झाला तरी २ सेकंदांचा दंड, दार चुकले तर ५० सेकंदांचा. कयाकमध्ये बसून दोन पात्यांचे वल्हे मारतात, कनूमध्ये गुडघे टेकून एकाच पात्याचे. शर्यतीसाठी मांडलेल्या दारांतून आधी सराव करता येत नाही. काठाने चालत जाऊन पाणी वाचायचे, पाठ करायचे, आणि मग उडी घ्यायची. आपल्या परीक्षेसारखेच म्हणा ना!

ऑस्ट्रेलियाची जेसिका फॉक्स २०१२ साली लंडनला कयाकमध्ये रौप्यपदक मिळवते, २०१६ साली रिओला कांस्य. २०२१ साली टोकियोत सर्वांना वाटते, आता सुवर्ण. पण ती दोन दांड्यांना स्पर्श करते, ४ सेकंद दंड होतो आणि पुन्हा कांस्य. जर्मनीची रिकार्डा फुंक तिच्यापेक्षा जेमतेम सव्वा सेकंदाने पुढे होती! दोनच दिवसांनी जेसिका कनूत उतरली आणि सुवर्ण घेऊन आली. पॅरिसला तर दोन्ही सुवर्णपदके तिचीच. मला त्या पदकांपेक्षा ते मधले दोन दिवस मोठे वाटतात.

पण थांबा. पुरुषांची कनू शर्यत १९७२ सालच्या ऑलिंपिकमध्येच होती. स्त्रियांची पहिल्यांदा झाली ती टोकियोत. म्हणजे ४९ वर्षांनी. तेव्हा पोरीच्या जातीची चिंता काही आमच्या आजीलाच होती असे नाही. जगातले मोठमोठे पंचही तिच्याच पंगतीला बसलेले होते!

आता माझा दुसरा मुद्दा. १९८८ पासून या खेळाची 'विश्वचषक' मालिका भरते. २०२४ चा हंगाम ऑग्सबर्ग, प्राग, क्राकोव्ह, ल्युब्लियानाजवळचे टॅसेन आणि ला सेऊ द'उर्गेल अशा पाच ठिकाणी झाला. पाचही गावे युरोपातली. हे कसले विश्व? उत्तर ठरलेले असते: खर्च. पॅरिसजवळच्या व्हेर-स्यूर-मार्न येथे तर पंपाने पाणी चढवून काँक्रीटच्या पाटातून नदी वाहवतात. १९७२ साली पूर्व जर्मनीने ऑग्सबर्गच्या पाटाची हुबेहूब नक्कल आपल्या देशात बांधली, तिच्यावर सराव केला आणि चारही सुवर्णपदके नेली. त्यानंतर हा खेळ ऑलिंपिकमधून गेला तो थेट १९९२ सालीच परतला.

आम्हाला नक्कल बांधण्याची गरजच काय? ज्या मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याचेच पाणी वीज देऊन आमच्या दारावरून वाहते. काठावरच्या लोकांनी त्याची किंमत केव्हाच मोजली आहे. दांड्या, तारा, थोड्या नावा आणि शिकवणारा माणूस एवढेच हवे. हे स्वप्नरंजन नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धांतील कनू स्लॅलम अहिल्याबाईंच्या महेश्वरला, नर्मदेच्या सहस्रधारेवर झाली. नर्मदेला जमते ते कुंडलिकेला का जमू नये?

कोणी म्हणतील, मुले बुडतील. मी उलट विचारते, आज बुडत नाहीत का? दर पावसाळ्यात बातम्या येतात. बुडणारे बहुतेक वेळा पाणी न ओळखणारे असतात. भोवरा कुठे आहे, खडकामागे पाणी उलटे का फिरते, हे या खेळात पहिल्या दिवसापासून शिकावे लागते. लाल दार तर त्या उलट्या फिरणाऱ्या पाण्याच्या आधारानेच चढतात. प्रवाहाविरुद्ध जायचे म्हणजे नुसती ताकद लावायची नव्हे. प्रवाहातच आपल्या उपयोगाचे पाणी कुठे आहे ते शोधायचे. शहाणपणाची ही गोष्ट मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात इतकी स्पष्ट दिसली नाही.

आणखी कोणी म्हणतील, तराफे आहेतच की. आहेत, पण त्यात आमची मुले पाहुण्यांना खेळवतात, स्वतः खेळत नाहीत. नदी आमची, वल्हे आमच्या हातात आणि मौज मात्र दुसऱ्यांची, हे किती दिवस चालायचे?

जिमखान्याकडे माझे मागणे फार मोठे नाही. पुढल्या वर्षी आधी पोहण्याचा वर्ग काढा. त्यात मुलींसाठी वेगळी वेळ ठेवा, म्हणजे घरच्यांची पहिली हरकत मिटेल. नावेचे नंतर पाहू. वर्गासाठी पहिले नाव माझे लिहून घ्या. आजीला मी सांगेन. तेही एक लाल दारच आहे, पण आधार कुठे घ्यायचा ते मला ठाऊक आहे: आजोबा पट्टीचे पोहणारे होते, हे तीच मला कौतुकाने सांगत असते.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला