संगतीचा हिशेब

मे 2024 मध्ये अमेरिकेतील लिबर्टेरियन पक्षाचे अधिवेशन वॉशिंग्टन येथे भरले असता डोनाल्ड ट्रम्प तेथे मते मागावयास आले आणि प्रतिनिधींनी त्यांची हुर्यो उडविली. दर चार वर्षांनी तीन टक्के मतांवर समाधान मानावयाचे असेल तर खुशाल माना, असा टोमणा ट्रम्प यांनी उलट मारला. सभागृहातील संताप खरा होता. परंतु ट्रम्प आगंतुक नव्हते. त्याच पक्षाच्या नेतृत्वाने त्यांना सन्मानाने पाचारण केले होते, हेही तितकेच खरे होते. मुक्ततावादी म्हणविणाऱ्या या पंथाची सारी कुचंबणा त्या एका प्रसंगात दिसली. पुराणमतवादी लोकानुनयाची संगत सोडू पाहणाऱ्या या मंडळींकडे समाजवाद्यांनी कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार करणे आवश्यक आहे.

या पंथाची भूमिका थोडक्यात अशी : व्यक्तीचे स्वातंत्र्य हे सर्वोच्च मूल्य होय, शासनाने संरक्षण, न्यायदान आणि करारांचे पालन यापलीकडे पाऊल टाकू नये, उर्वरित सारे व्यवहार बाजारपेठेवर आणि व्यक्तींच्या खुषीवर सोडावेत. आपले याच्याशी मूलभूत मतभेद आहेत. परंतु मुक्ततावादी आणि पुराणमतवादी यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राच्या वर्गात हायेक शिकवीत असता, ‘हे उजवे की डावे?’ असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारीत. त्यांना आम्ही हायेक यांच्या 1960 सालच्या ग्रंथाचे अखेरचे टिपण वाचावयास सांगत असू. आपण पुराणमतवादी का नाही, हे त्यात त्यांनी स्वतःच सांगितले आहे. सत्ता आपल्या हाती असेल तर तिच्या मर्यादांची फिकीर न करणे आणि राष्ट्राभिमानाच्या भरात वाहत जाणे, हे पुराणमतवादाचे दोष त्यांनी तेथे दाखविले आहेत.

इतके स्पष्ट निदान हाताशी असताना संगत जडली कशी? उत्तर सोपे आहे : शत्रू समान होता. 1955 साली निघालेल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकाभोवती बाजारवादी आणि धर्मपरंपरावादी एकत्र आले. साम्यवाद आणि रूझवेल्ट यांच्या काळापासून वाढलेले कल्याणकारी शासन, या दोहोंना विरोध हा त्यांचा दुवा. फ्रँक मायर यांनी या युतीला तत्त्वज्ञानाची बैठक देण्याचा प्रयत्न केला. 1969 साली सेंट लुईस येथे तरुण पुराणमतवाद्यांच्या संमेलनात व्हिएतनाम युद्ध आणि सक्तीची लष्करभरती यांवरून ती प्रथम उघडपणे तुटली. 15 ऑगस्ट 1971 रोजी अध्यक्ष निक्सन यांनी वेतन आणि किमती गोठविल्या व आयातीवर दहा टक्के अधिभार बसविला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लिबर्टेरियन पक्ष स्थापन झाला.

या पंथाच्या पदरी श्रेय आहे, ते मोकळेपणाने मान्य करावयास हवे. सक्तीची लष्करभरती 1973 मध्ये थांबली. तिच्याविरुद्ध लढणाऱ्यांत ही मंडळी होती. परदेशातील युद्धे, पोलिसांची मनमानी, नागरिकांवरील पाळत यांना त्यांच्यातील अनेकांनी सातत्याने विरोध केला आहे. त्यांच्या काही संशोधनसंस्थांनी स्थलांतरितांची बाजूही निष्ठेने मांडली आहे.

परंतु दुसरी धाराही तितकीच खरी. अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्ड यांनी जानेवारी 1992 मध्ये उजव्या लोकानुनयाची रणनीती लेखणीने मांडली. एकेकाळी कू क्लक्स क्लॅनचा नेता असलेल्या डेव्हिड ड्यूक याच्या लुइझियानातील प्रचारातून धडा घ्यावा, असे त्यांनी सुचविले. करकपात आणि कल्याणकारी योजनांची छाटणी यांच्या जोडीला पोलिसांना मोकळीक आणि रस्त्यावरील निराधारांचा बंदोबस्त, हेही त्यांच्या कार्यक्रमात होते. त्या वर्षी त्यांनी पॅट ब्युकॅनन यांना पाठिंबा दिला; वास्तविक ब्युकॅनन आयातकरांचे समर्थक, म्हणजे मुक्त व्यापाराचे विरोधक. शासन नष्ट करू निघालेल्या विचारवंताने पोलिसांच्या दंडुक्याला आशीर्वाद द्यावा, ही केवळ वैयक्तिक घसरण नव्हती.

तिचे मूळ सिद्धांतात आहे. या पंथाला सत्ता दिसते ती केवळ शासनात. मालकाची कामगारावरील सत्ता, बहुसंख्याकांची अल्पसंख्याकांवरील सत्ता, वर्णाची, पुरुषाची, जमावाची सत्ता ही त्याच्या हिशेबात धरलेलीच नसते. ती सारी खुषीच्या व्यवहारांत मोडते. त्यामुळे शासनावर आगपाखड करणारा जमाव दिसला की त्यांना तो स्वातंत्र्याचा सैनिक वाटू लागतो. त्या जमावाला शासन नष्ट करावयाचे नसते, ते ताब्यात घ्यावयाचे असते, हे त्यांच्या फार उशिरा ध्यानात येते. बाजाराच्या स्वातंत्र्याला इतर स्वातंत्र्यांहून वरचे स्थान दिले की काय घडते, हे चिलीतही दिसले. 1981 साली तेथील एका दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत, उदारमतवाद नसलेल्या लोकशाहीपेक्षा उदारमतवादी हुकूमशहा आपल्याला पसंत आहे, अशा आशयाचे उद्गार हायेक यांनी काढले. आणि त्या वेळी पिनोशे यांच्या राजवटीत विरोधकांची हत्या व छळ झालेला होता.

2016 पासून या संगतीची कसोटी लागली. त्या वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ट्रम्प यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या गॅरी जॉन्सन यांना सुमारे 45 लाख, म्हणजे तीन टक्क्यांहून अधिक मते मिळाली. 4 जुलै 2019 रोजी काँग्रेस-सदस्य जस्टिन अमाश यांनी रिपब्लिकन पक्ष सोडला. परंतु 2022 साली रिनो येथील अधिवेशनात लिबर्टेरियन पक्षच रॉथबार्ड यांच्या वारसा सांगणाऱ्या गटाच्या हाती गेला, आणि 2024 मध्ये त्या पक्षाच्या उमेदवाराला अर्धा टक्काही मते पडली नाहीत. दुसऱ्या बाजूस, 2025 साली ट्रम्प यांनी आणीबाणीच्या अधिकारांखाली आयातकर लादले तेव्हा त्यांना न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत मुक्ततावादी वकील आघाडीवर होते. 28 मे 2025 रोजी आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतीय मालावरील कर पन्नास टक्क्यांवर गेला. अमेरिकेला टॉवेल पाठविणाऱ्या सोलापूरच्या कारखान्यांतील कामगाराला हा वाद परक्या देशातील तत्त्वचर्चा वाटण्याचे कारण नाही.

संगत सोडली याचे स्वागत करावे. मात्र ती कोणत्या घटकेला सोडली, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. आयातमालावर कर बसला तेव्हा अनेकांचा कंठ फुटला. स्थलांतरितांच्या मुलांना आईबापांपासून तोडले गेले त्या 2018 साली त्यांतील किती जण बोलले? जे बोलले ते आपले सन्माननीय सहप्रवासी होत. जे केवळ बाजाराला धक्का लागल्यावर जागे झाले, त्यांची जाग बाजार स्थिरावताच पुन्हा मावळणार नाही याची हमी कोण देईल? शिवाय कारखाने बंद पडून उजाड झालेल्या गावांतील माणसाला बाजारावर विश्वास ठेव असे सांगून लोकानुनयाच्या विळख्यातून सोडविता येत नाही. विषमतेवर औषध नसलेले स्वातंत्र्य द्वेषाच्या प्रचारापुढे निःशस्त्र असते.

तथापि दुसऱ्याचा हिशेब तपासणाऱ्याने आपली वही झाकून ठेवू नये. समान शत्रूसाठी विसंगत मित्र जोडण्याचा प्रयोग आपणही केला. काँग्रेसविरोधासाठी 1967 साली उत्तरेत संयुक्त विधायक दलांची सरकारे झाली. त्यांत समाजवादी आणि जनसंघ मांडीला मांडी लावून बसले. 1971 च्या बड्या आघाडीत संयुक्त समाजवादी पक्ष, जनसंघ आणि मुक्त अर्थव्यवस्थेचा कैवार घेणारा स्वतंत्र पक्ष एकत्र होते. स्वतंत्र पक्षाच्या लोकसभेतील 44 जागा त्या निवडणुकीत 8 वर आल्या आणि 1974 साली तो पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला. आणीबाणीतील तुरुंगात जुळलेल्या स्नेहावर विसंबून आपण 1977 साली जनता पक्ष उभारला. दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न मधू लिमये यांनी आग्रहाने मांडला तेव्हा घर फोडणारे म्हणून त्यांनाच दोष देण्यात आला. त्या संगतीतून कोणाचे बळ वाढले आणि कोण विखुरले, हे आज सांगावयास नको. हुकूमशाहीविरुद्ध एकत्र येणे चूक नव्हते. संघटना आणि विचार दोन्ही एकाच पोत्यात ओतणे ही चूक होती.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी ध्यानी धराव्यात. भाषणस्वातंत्र्य, विनाचौकशी अटक, नागरिकांवरील पाळत या प्रश्नांवर मुक्ततावादी, उदारमतवादी, जो कोणी प्रामाणिकपणे उभा राहील, त्याच्या खांद्याला खांदा लावून लढावे. त्याची अर्थनीती कोणती हे तेथे विचारू नये. मात्र ही साथ प्रश्नापुरती, उघड अटींवर आणि परस्परांवर टीका करण्याचा हक्क राखून असावी. ज्या दिवशी साथीदाराला दुखवावयाचे नाही म्हणून आपण एखाद्या दुबळ्यावरील अन्यायाबद्दल गप्प बसू, त्या दिवशी आपल्यातही रॉथबार्ड निर्माण झाला असे समजावे.

वॉशिंग्टनच्या त्या सभागृहात हुर्यो उडविणाऱ्यांना आपला पाहुणा कोण हे ओळखता आले. त्याला आमंत्रण धाडले जात असताना ते बोलले असते, तर अधिक बरे झाले असते. आपण तरी आमंत्रण लिहितानाच विचार करावा.