राखीव जनित्र : दुरुस्तीपूर्वी मोजमाप हवे

वातावरण नियंत्रित कुक्कुटपालन शेड, दूध शीतकरण टाकी, नाशिक-सांगलीकडील द्राक्षांची पूर्वशीतकरण गृहे या साऱ्यांचा आधार म्हणजे अखंड वीजपुरवठा होय. भर उन्हाळ्यात बंद शेडमधील पंखे थांबले, तर काही मिनिटांतच पक्ष्यांची तडफड सुरू होते. म्हणूनच अशा ठिकाणी डिझेल जनित्र बसविलेले असते. परंतु जनित्र दारात उभे आहे म्हणजे ते ऐनवेळी चालेलच, हा विश्वास अनेकदा महागात पडतो.

जनित्रातील विद्युत बिघाडांची दुरुस्ती आजही बहुतांशी अंदाजाने होते. इंजिन सुरू आहे पण वीज येत नाही, असे दिसताच एव्हीआर, म्हणजे व्होल्टेज नियंत्रित करणारे कार्ड, बदलले जाते. वस्तुतः या एकाच लक्षणामागे अनेक कारणे संभवतात. ब्रेकर पडलेला असू शकतो, कार्डाकडे जाणारी तार उंदराने कुरतडलेली असू शकते, फिरते डायोड जळालेले असू शकतात किंवा दीर्घकाळ बंद राहिल्याने अल्टरनेटरमधील अवशिष्ट चुंबकत्व नाहीसे झालेले असू शकते. इंजिन पूर्ण वेगात असताना अल्टरनेटरच्या टर्मिनलवर थोडे व्होल्ट दिसत असतील, तर चुंबकत्व शिल्लक आहे आणि दोष उत्तेजन मंडलात शोधावयाचा, असा संकेत मिळतो. काहीच व्होल्ट नसतील, तर आधी चुंबकत्व व वाइंडिंग तपासावे लागते. एका मोजमापाने तपासाची दिशा ठरते आणि चांगले कार्ड विनाकारण बदलण्याचा खर्च वाचतो.

जनित्र सुरूच होत नसेल, तर पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. १२ व्होल्टची पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टर फिरत असताना हा आकडा साधारण ९.६ च्या खाली घसरत असेल, तर बॅटरी क्षीण झालेली असते. व्होल्ट टिकून राहतात पण स्टार्टर मंद फिरतो, अशा वेळी गंजलेले टर्मिनल, सैल लग आणि इंजिनच्या सांगाड्याला जोडलेली ऋण केबल पाहावी. कुक्कुटपालन शेडमधील अमोनिया तांब्याचे जोड लवकर खराब करतो, हे तेथे विशेष ध्यानात ठेवावे.

चार ध्रुवी अल्टरनेटर मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ५० हर्ट्झ वारंवारता देतो. भार पडताच वारंवारता फार घसरत असेल, तर दोष बहुधा इंधन फिल्टर वा गव्हर्नरचा असतो. तेथे विद्युत भाग बदलून उपयोग नाही. एका फेजवर व्होल्टेज चढलेले व दुसऱ्यावर उतरलेले आढळल्यास न्यूट्रल सैल असल्याची शक्यता प्रथम तपासावी, अन्यथा एकफेजी उपकरणे जळतात.

दर आठवड्याला जनित्र काही मिनिटे रिकामे चालवून समाधान मानण्याची रीतही बदलली पाहिजे. सैल जोड व दुबळा गव्हर्नर प्रत्यक्ष भाराखालीच उघडे पडतात. शिवाय अत्यल्प भारावर वारंवार चालल्याने इंजिनात काजळी साचते. महिन्यातून एकदा खरा भार जनित्रावर घेऊन व्होल्ट, हर्ट्झ व प्रत्येक फेजचा प्रवाह वहीत नोंदवावा.

देखभाल करार असताना शेतकऱ्याने या भानगडीत का पडावे, असा आक्षेप घेतला जातो. तंत्रज्ञ पोहोचण्यास काही तास लागतात. शेडमधील पक्ष्यांजवळ तेवढा अवधी नसतो. शिवाय आकडे फोनवर सांगता आले, तर तंत्रज्ञ योग्य सुटा भाग घेऊनच निघतो. मात्र मर्यादा स्पष्ट असाव्यात. बॅटरी, जोड, मीटरवरील आकडे व नोंदी ही शेतकऱ्याची कामे होत. जिवंत पॅनेल उघडणे, चुंबकत्व पुन्हा देणे आणि मेगर चाचणी ही परवानाधारक वायरमन वा तंत्रज्ञाची कामे होत. एव्हीआर व डायोड विलग न करता मेगर लावल्यास तेच निकामी होतात. चेंजओव्हर स्विचविना जनित्र जोडणे तर अक्षम्यच. उलट गेलेली वीज लाइनवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचा जीव घेऊ शकते.

कृषी विस्ताराच्या प्रशिक्षणात पंप, फवारणी यंत्र व ट्रॅक्टर यांना स्थान आहे. राखीव जनित्राला ते क्वचितच मिळते. मल्टिमीटरचा वापर, भाराखालील चाचणी व नोंदवही एवढ्यावर अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिक कृषी विज्ञान केंद्रांना सहज घेता येईल. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी ते घेतले गेले, तर अनेक शेडमधील पक्षी आणि अनेक टाक्यांमधील दूध वाचेल.