गॅदरिंगमधलं लोकगीत पेनड्राइव्हमधून का येतं?



गॅदरिंग जवळ आलं की सगळ्या शाळांत सारखीच धावपळ असते. कोणतं गाणं घ्यायचं, ट्रॅक कुठून डाउनलोड करायचा, साउंडवाल्याकडे पेनड्राइव्ह कोण नेणार. कार्यक्रमपत्रिकेत ‘लोकगीत’ असतंच. मुलं नऊवारी नेसून, फेटे बांधून येतात, छान नाचतात, ओठही हलवतात. आवाज मात्र स्पीकरमधल्या कुणा दुसऱ्याचा. माझं स्पष्ट मत आहे की लोकगीताच्या नावाखाली आपण मुलांकडून गाणं सोडून बाकी सगळं करून घेतो.

“मुलं बेसूर गातात, पालकांसमोर कसं दिसेल?” हे नेहमीचं उत्तर. त्यावर मी एका दूरच्या रेकॉर्डचं उदाहरण देते. १७ मार्च १९६३, न्यूयॉर्कचं कार्नेगी हॉल. सुमारे २८०० खुर्च्यांचं हे सभागृह, मोठमोठ्या वाद्यवृंदांचं. तिथे आयर्लंडचे क्लॅन्सी ब्रदर्स आणि टॉमी मेकम गायला उभे राहिले. तो कार्यक्रम जसा झाला तसा रेकॉर्ड केला आणि त्याचा अल्बम निघाला. त्यात बंडखोरांची गाणी आहेत, दारूची गाणी आहेत, गाण्यांमधल्या गप्पा आणि लोकांचं हसणंही आहे. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच. या बाप्यांनी तिथे आयरिश पोरांची गल्लीतली खेळगाणी एकामागून एक गायली, चांगली दहा मिनिटांहून जास्त! दोरीवरच्या उड्या मारताना, एकमेकांना चिडवताना म्हणायची असतात तशी. कुणी म्हटलं नाही की हे इथे शोभत नाही.

त्यातल्या टॉमीची आई सारा मेकम. कीडी नावाच्या गावात राहायची, कापडाच्या कारखान्यात विणकाम केलेली बाई. (गिरण्यांच्या आपल्या हिंगणघाटला हे वेगळं सांगायला नको.) तिला जुनी गाणी पाठ होती, घरकाम करता करता गायची. १९५० च्या दशकात गाणी गोळा करणारे लोक तिच्या घरी टेपरेकॉर्डर घेऊन गेले. तिला स्टुडिओत नेलं नाही, शिकवलंही नाही. तिचा आवाज पुढे बीबीसीच्या लोकसंगीताच्या कार्यक्रमाची ओळखधून झाला.

आपल्याकडे असं काम झालंच नाही असं समजू नका. पुण्याच्या हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल त्यांच्यासोबत आले आणि १२० तासांच्या आसपास ध्वनिमुद्रण झालं. ते दोघं आता नाहीत. पण २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ओव्या बाया जशा गायल्या तशा ऐकायला मिळतात. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरेंचा आवाज एकदा वर्गात ऐकवून पाहा. संगीत नाही, साथ नाही, तरी मुलं चिडीचूप होतात.

गावात चक्की आली आणि जातं थांबलं. बायांचे कष्ट वाचले, चांगलंच झालं. पण ओवी जात्यासोबतच गेली, कारण ती गायची वेळच उरली नाही. आता हेच भुलाबाईचं होतंय.

भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई-भुलोजी बसायचे, कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी मुली घरोघरी टिपऱ्या घेऊन जायच्या. गाणी झाली की खाऊ ओळखायचा. सून माहेरी जायला निघते आणि सासू म्हणते आधी कारल्याची बी पेर, मग वेल येऊ दे, मग कारलं लागू दे... हे सांगत बसलं की आजही आज्या हसतात. वर्गात विचारा, किती मुलींना ही गाणी येतात? माझ्या वर्गात दोघी-तिघी हात वर करतात. त्यांच्याही घरी आजी आहे म्हणून.

म्हणून माझा आग्रह असा, की यंदा ट्रॅक नको. आज्यांना शाळेत बोलवा. मुलींना, आणि हो, मुलांनाही त्यांच्यासोबत बसवा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. फार तयारी लागत नाही. पंखे बंद करा, खिडकी रस्त्याकडची असेल तर लावून घ्या, मोबाइल हातात न धरता बाकावर दुपट्याची घडी ठेवून तिच्यावर ठेवा. गाण्याआधी आजीला स्वतःचं नाव, माहेरचं गाव आणि गाणं कुणाकडून शिकली ते सांगायला लावा. तारीख तुम्ही बोला. कुठे पाठवायचं असेल तर आधी तिला विचारा. मधे कुणी खोकललं, कडवं विसरलं, दुसरी म्हणाली “अवं, तसं नाही ते”, तर थांबवू नका. ते भांडणच ऐकण्यासारखं असतं. दोन गावांच्या दोन आज्या एकाच गाण्याचे वेगळे शब्द सांगतात तेव्हा मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरची भाषा कळते.

शब्द सुधारायला तर अजिबात जाऊ नका. गाण्यात ‘मले’ असेल तर ‘मला’ करू नका. आपण वर्गात प्रमाणभाषा शिकवतो, शिकवायलाच हवी. पण घरी ‘मले-तुले’ बोलणारं लेकरू वर्गात तोंड उघडायला घाबरतं, हे आपण सगळे बघतो. माझ्या तिसरीतली एक मुलगी वाचनाला उभी केली की रडायला यायची. भुलाबाईचं अख्खं गाणं तिने न अडखळता म्हटलं. मग तेच मी फळ्यावर लिहिलं आणि बोट ठेवत तिने वाचलं. पाठ होतं म्हणून वाचलं, असं कुणी म्हणेल. असेल. वाचनाची सुरुवात बहुतेकांची अशीच होते.

पालकांना एक सांगायचंय. गॅदरिंगच्या ड्रेससाठी भाड्याचे पैसे आपण देतो, ते यंदा वाचतील. त्या दिवशी आजीला मात्र पुढच्या रांगेत आणा, कारण मधेच पोरं विसरली तर सांगणारं कुणीतरी लागेल.